दुसरी सही

पास्कोल वारला त्याला चौदा वर्षं होऊन गेली, तरी चिंचणीत त्याच्या तावेर्नला अजून पास्कोलचीच तावेर्न म्हणत. त्यात चूकही काही नव्हती. दारूचा परवाना पास्कोलच्या नावावर, वरचं घर त्याच्या नावावर, मागचं माडांचं भाट त्याच्या नावावर, इतकंच काय, गिऱ्हाइकांची डुगडुगणारी बाकडीसुद्धा कोर्टाच्या यादीत त्याच्या नावावर चढलेली. पास्कोल स्वतः तेवढा चर्चच्या मागे निवांत पडला होता.

गल्ल्यावर बसायची त्याची धाकटी लेक इर्मेलिंदा. गाव तिला लिंदाबाय म्हणायचं. चर्चमधली सकाळची मास, म्हणजे प्रार्थना, आटपली की ती दुकानाच्या फळ्या काढायची, फेणीच्या बाटल्या पुसून ओळीत लावायची आणि काचेच्या बरणीतली उकडलेली अंडी मोजकी राहिली असतील तर नवी टाकायची. बाप गेला तेव्हा ती सत्ताविशीत होती. तेव्हा ‘तात्पुरतं’ म्हणून गल्ल्यावर बसली ती अजून बसलेलीच होती.

बाप मेला की आमच्याकडे कोर्टात इन्वेंतार घालतात. मेलेल्याच्या मालमत्तेची यादी होते, सगळ्या वारसांना बोलावणं जातं, वारसांच्या नवऱ्यांना-बायकांनाही जातं, कारण आमच्या कायद्यात लग्न झालं की नवरा-बायको एकमेकांच्या सगळ्याचे अर्धे मालक. मग वारस आपापसात बोली लावतात, वाटे पडतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. ऐकायला सोपं आहे. पण वाटे पडेपर्यंत त्या मालमत्तेतली सुईसुद्धा घराबाहेर न्यायची नाही, आणि वाटे कधी पडणार हे विचारायचं नाही. विचारलं तर वकील छताकडे बघतो.

थोरला भाऊ बेर्नाद. कोर्टाने त्याला घराचा काबेस नेमलं होतं, म्हणजे वाटणी होईपर्यंत सगळ्याचा सांभाळ त्याच्याकडे. सांभाळ त्याच्याकडे होता, पण राबायची लिंदा. तो बायकोमुलांसकट मडगावला फ्लॅटमध्ये राहायचा, शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन यायचा, नारळ, गल्ला आणि एक बाटली घेऊन जायचा. मधली बहीण आल्झिरा इंग्लंडात, स्विंडनला. तिचा नवरा तिला सोडून कुठल्याशा पोलिश बाईबरोबर निघून गेला होता, तरी कायद्याने तो जावईच. त्याला हुडकून त्याची सही आणण्यात चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत बेर्नादने एक गोष्ट मनाशी पक्की केली आणि लिंदाच्या डोक्यात रोज थोडी थोडी ओतली. आणखी एक जावई या कागदांत शिरता कामा नये. इन्वेंतार संपू दे, मग खुशाल लग्न कर.

लग्न ठरलेलं होतं. वेळ्ळीचा रुमाल्द, जहाजावर खानसामा. बाप जिवंत असतानाच दोघं मडगावला रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन सह्या करून आली होती. आमच्याकडे सगळेच असं करतात. एकदा जाऊन पहिली सही, पंधरवड्याने जाऊन दुसरी, साक्षीदारांना कॉफी आणि पातीस, आणि मुलगी आपल्या घरी, मुलगा आपल्या घरी. सहीला कोण लग्न म्हणतो? आदल्या दिवशी अंगाला नारळाचा रोस लावला, चर्चमध्ये विगाराने हात धरवले, मांडवात बॅन्ड वाजला, की ते लग्न. रुमाल्दची बोट सुटणार होती म्हणून दोन्ही सह्या उरकून घेतल्या आणि चर्चचा दिवस पुढच्या जानेवारीतला धरला. डिसेंबरात पास्कोल गेला. वर्षभर सुतक पाळलं, लिंदाने काळे कपडे घातले, आणि काळे कपडे उतरायच्या आत इन्वेंतार सुरू झाला. तेव्हापासून तो जानेवारी आलाच नाही.

रुमाल्द मात्र यायचा. बोटीवर असला की फोन, किनाऱ्यावर असला की दर रविवारी दहाच्या मासनंतर. गेली तीन वर्षं त्याचा गुडघा गेल्यामुळे तो कायमचाच घरी होता, म्हणजे रविवार एकही चुकत नव्हता. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून एकच पेला घ्यायचा, तोही लिंबू पिळून. लिंदा त्याला सोरपोतेलचा डबा बांधून द्यायची. तो डबा घेऊन बसने परत. दोघांत बोलणं फार व्हायचं नाही, कारण अख्खी तावेर्न कान टवकारून बसलेली असायची.

“लिंदाबाय, नवरदेव आला गं,” इनास म्हणायचा. हा इनास माडावर चढून नारळ पाडायचा, आणि खाली असला की पास्कोलच्या बाकड्यावर असायचा. “या वर्षीचा आहे की पुढच्या वर्षीचा?”

“तुझी उधारी फिटेल त्या वर्षीचा,” लिंदा म्हणायची, आणि सगळे हसायचे. रुमाल्दही हसायचा. पूर्वी जरा जास्त हसायचा.

कार्निव्हालच्या रविवारी तो आला तेव्हा तावेर्न रिकामी होती, कारण सगळा गाव मिरवणूक बघायला मडगावला गेला होता. त्याने पेला घेतला नाही.

“ईस्टर झालं की मी जातो,” तो म्हणाला. “स्विंडनला भाचा आहे माझा. गोदामात बसून करायचं काम देतो म्हणतो. तिकीट काढलं त्याने.”

“परत कधी येणार?”

“परत यायला इथे काय आहे?”

लिंदाने फडकं घेऊन कोरडाच गल्ला पुसायला घेतला. बेर्नादने कालच सांगितलं होतं, की आता खरंच शेवट आला आहे. जुने वकील वारले, नवीन वकीलबाई हुशार आहेत, येत्या बुधवारी त्यांना सगळ्यांची माहिती द्यायची, पुढच्या बुधवारी कोर्टात तीच शपथेवर सांगायची आणि मग महिन्याभरात बोली. ते सगळं तिने रुमाल्दला सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं, की हेच वाक्य आपण आधी कितीदा म्हटलंय.

“बरं,” रुमाल्द म्हणाला, आणि डबा न घेताच उठला.

त्या दिवशी लिंदाला पहिल्यांदा आपल्याला कोंडून ठेवलंय असं वाटलं. आजवर ती चिडली होती, रडली होती, बेर्नादशी भांडलीही होती, पण वाटच नाही असं कधी वाटलं नव्हतं. या घरातून बाहेर पडायचं तर कशावर तरी कोणाची तरी सही हवी, आणि ती सही करणारा माणूस नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी देशात. आरशात बघितलं तर कानांजवळचे केस पिकलेले. ती म्हातारी होणार, गल्ल्यावर बसून मरणार, आणि मग तिच्याही नावाने एक इन्वेंतार निघेल.

बुधवारी बेर्नाद तिला गाडीतून मडगावला घेऊन गेला. कोर्टाच्या तारखेआधी वकीलबाईंच्या ऑफिसात जायचं होतं. केंकरे वकीलबाई पस्तिशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवलेला, समोर जाडजूड फायली. त्या एकेका वारसाची माहिती पुन्हा विचारून घेत होत्या. बेर्नादचं झालं, आल्झिराचं तिच्या मुखत्यारपत्रावरून झालं.

“इर्मेलिंदा. अविवाहित,” त्यांनी जुन्या कागदावरून वाचलं.

“हो, हो,” बेर्नाद म्हणाला.

“त्यांना बोलू द्या ना.”

“अजून व्हायचंय,” लिंदा म्हणाली. “ठरलेलं आहे. सह्या झाल्यात, चर्च राहिलंय.”

केंकरेबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “सह्या म्हणजे रजिस्ट्रारकडे? एक की दोन्ही?”

“दोन्ही. त्याची बोट सुटणार होती म्हणून.”

“कधी?”

“बाबा होते तेव्हा.”

वकीलबाईंनी समोरची फाईल मिटली. “मग व्हायचं काय राहिलंय? दुसरी सही केलीत त्या दिवशी तुमचं लग्न झालं.”

बेर्नाद मोठ्याने हसला. “वकीलबाई, तुमच्या हिंदूंत काय असेल ते असेल, आमच्यात चर्चशिवाय लग्न नसतं.”

“आमच्यात आणि तुमच्यात कायदा एकच आहे, बेर्नादबाब. चर्च तुमच्या देवासाठी. कोर्टासाठी तुमच्या बहिणीला चौदा-पंधरा वर्षं नवरा आहे, आणि तिच्या वाट्याचा तो अर्धा मालक आहे. त्याला आजवर एकदाही बोलावणं गेलेलं नाही.”

मग त्यांनी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. मालकालाच न विचारता झालेली वाटणी उद्या कोणीही मोडू शकतो. त्याला कागदांत घ्यावं लागेल, यादी पुन्हा, बोलावणी पुन्हा, आल्झिराच्या त्या पळालेल्या नवऱ्यालासुद्धा पुन्हा. किती वेळ लागेल असं बेर्नादने विचारलं, तेव्हा केंकरेबाईंनी छताकडे बघितलं.

जिन्यातच बेर्नादने तिचा दंड धरला. “तोंड उघडायची काय गरज होती तुला?”

“त्यांनी विचारलं.”

“विचारलं म्हणून सांगायचं?” मग तो गाडीत बसल्यावर निवळला, आणि निवळलेला बेर्नाद जास्त कठीण. ही वकीलबाई नसली तर दुसरा वकील बघू. पुढच्या बुधवारी कोर्टासमोर शपथेवर एवढंच सांग, की मी अविवाहित आहे. ते रजिस्टर कोण उघडून बघतंय? महिन्याभरात बोली, वाटे, तुझा वाटा तुझ्या हातात. “मग मी स्वतः तुझा हात धरून चर्चमध्ये नेतो,” तो म्हणाला. “बॅन्ड माझ्याकडून. एक महिना, लिंदा. एवढी वर्षं थांबलीस, एक महिना थांबवत नाही?”

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. महिन्याभरात सगळं संपणार होतं आणि ईस्टरला अजून सहा आठवडे होते. एक शब्द खोटा बोलला की दार उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने भर दुपारी तावेर्नच्या फळ्या लावल्या. इनास पायरीवर बसून राहिला, “कोण मेलं?” म्हणून विचारत. लिंदा वेळ्ळीच्या बसमध्ये चढली. ठरलेल्या मुलीने मुलाच्या घरी जायचं नसतं, म्हणून या सगळ्या काळात ती रुमाल्दच्या घरी एकदाही गेली नव्हती. लोकांना विचारत विचारत पोचली. तो स्वयंपाकघरात बांगडे तळत होता. तिला दारात बघून त्याने गॅस बंद केला.

उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. वकीलबाई काय म्हणाल्या ते, बेर्नाद काय म्हणाला ते. रुमाल्द चकित होईल, हसेल, निदान खुर्चीवर तरी बसेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसती मान डोलावली.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“की आपलं लग्न झालंय. बोटीवर दर वेळी विचारतात, बायको आहे का, नाव काय. मी तुझं नाव सांगायचो. ती सही केल्यापासून.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला माहीत नाही हे मला काय माहीत? एकाच टेबलावर सह्या केल्या आपण.” तो उलथन्याने उगाच बांगड्याची बाजू बदलत राहिला. “मला वाटलं, तुला यायचं नाहीये. तावेर्न सोडवत नसेल. बापाचं घर सोडवत नसेल. इन्वेंतार म्हणजे चारचौघांत सांगायला बरं निमित्त. मी दर रविवारी बघायला यायचो, की आज येतेस का. तू डबा द्यायचीस.”

लिंदा तिथेच उंबऱ्यावर बसली. तिला बेर्नादचा राग आला नाही, याचंच तिला मग आश्चर्य वाटलं. कुलूप नव्हतंच. दाराला नुसती कडी होती, ती आतून, आणि तिच्याच हाताशी. एवढी वर्षं ती दाराला टेकून बाहेरच्यांना म्हणत राहिली की उघडा. तिला इतकं रडू आलं की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, आणि रुमाल्दने त्या बाईला हातानेच जा म्हटलं.

रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, “बेर्नाद सांगतो तसं कर. वाटा तुझा आहे, तू तिथे राबलीस. मी काही कोर्टात उभा राहून सांगणार नाही, की मी हिचा नवरा.”

“मी चौदा वर्षं न बोलता तेच सांगत आले, की मला नवरा नाही,” लिंदा म्हणाली. “आता बायबलवर हात ठेवून सांगू?”

ताट एकच काढलेलं होतं. त्याने दुसरं काढलं, ते धुळीने माखलेलं होतं, ते धुतलं, आणि दोघं जेवली.

बुधवारी कोर्टात लिंदाने विवाहित असं सांगितलं आणि नवऱ्याचं नाव रुमाल्द असं सांगितलं. मागे बेर्नादने बाकावर मूठ आपटली. त्याच्यासाठीही हे सोपं नव्हतं, हे सांगायला हवं; तावेर्नच्या रस्त्याकडच्या जागेवर त्याने मुलाचं हॉटेल मनात केव्हाच बांधून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी नवी बोलावणी पावसाळ्यानंतर काढायला सांगितली.

त्याच संध्याकाळी ती विगार फादर मिंगेलकडे गेली. उपवासाचे दिवस चालू होते. फादर म्हणाले, या दिवसांत वेदीवर फुलं नसतात, गाणं नसतं, एवढं थांबलात तर ईस्टरपर्यंत थांबा.

“कोर्टासाठी थांबले, सुतकासाठी थांबले, आल्झिराच्या नवऱ्यासाठी थांबले,” लिंदा म्हणाली. “आता देवासाठी नाही थांबायचं, फादर. रागावू नका.”

फादर रागावले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या मासला, फुलांशिवाय आणि गाण्याशिवाय, त्यांनी दोघांचे हात धरवले. साक्षीदार इनास आणि त्याची बायको. इनास त्या दिवशी सकाळपासून कोरडा राहिला, ही गावाने फार मोठी गोष्ट मानली. रोस काढायला नारळ पास्कोलच्या भाटातला चालला नसता, यादीतला होता, म्हणून इनासने दुसऱ्या कोणाच्या तरी माडावरून आणला. कोणाच्या ते त्याने सांगितलं नाही.

घरातून निघताना लिंदाच्या लक्षात आलं, की बरोबर न्यायला तिच्याकडे फारसं काही नाही. आईचं पाणी तापवायचं तांब्याचं भाणं यादीत, शिवणयंत्र यादीत, ती झोपायची तो पलंग यादीत. बेर्नाद दारात उभा होता. त्याने बॅग उघडून बघितली नाही, पण बॅगकडे बघितलं. तिने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला आणि बसथांब्यावर गेली. आठवड्याभराने त्याने तावेर्नमध्ये एक भैया बसवला. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली.

रुमाल्दने तिकीट परत केलं. भाचा फोनवर चिडला. गोदामातलं काम दुसऱ्या कोणाला मिळालं असणार. वेळ्ळीच्या घरात दुसरी खुर्ची आली, दुसरी उशी आली, आणि बाजारात दोघं भांडलीही, बांगडे घ्यायचे की तारली यावरून, चारचौघांत, नवरा-बायको भांडतात तशी. लिंदाला त्या भांडणाचं इतकं सुख वाटलं की ती हरली.

पाऊस सरल्यावर एका सकाळी कोर्टाचा माणूस आला. रुमाल्द परसात होता. माणसाने सायकल कुंपणाला टेकवली आणि पाकीट उलटंसुलटं करून नाव वाचलं. मयत पास्कोल यांच्या इन्वेंतारमधले नवे हितसंबंधी.

“घरी नाहीत?”

“आहेत. झाडांना पाणी घालताहेत.”

“दुसऱ्या कोणाकडे देता येत नाही, बाय. घरच्या माणसाकडेच द्यावं लागतं. तुम्ही कोण त्यांच्या?”

चौदा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. गावाला माहीत होतं, म्हणून विचारलं नव्हतं.

“बायको,” ती म्हणाली. “द्या इकडे.”

त्याने पेन दिलं. लिंदाने त्याने बोट ठेवलेल्या जागी नाव लिहिलं, इर्मेलिंदा, आणि पुढे रुमाल्दचं आडनाव, जरा अडखळत, कारण ते कधी लिहिलं नव्हतं. मग तिने आतला कागद काढून वाचला. पहिली सुनावणी पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात होती. आल्झिराच्या नवऱ्याचा पत्ता मिळालेला नव्हता.

ती कागद घेऊन परसात गेली. रुमाल्दने नळ बंद केला, हात लुंगीला पुसले आणि कागद दोनदा वाचला.

“आता मीही अडकलो म्हणायचं,” तो म्हणाला.

“अडकलास,” लिंदा म्हणाली, आणि नळ पुन्हा सोडला, कारण अर्धी झाडं राहिली होती.